चौदा विद्यार्थी, एक वॉर्ड आणि माझी सल्ला द्यायची खोड

३ मार्चला विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "पुढच्या सत्रापासून व्यसनांचा पेपर तुमच्याकडे. वर्गातलं शिकवणं आणि फिल्डवर्क, दोन्ही." तो पेपर घेणारे सर निवृत्त झाले होते. मी नऊ वर्षं केसवर्क (एकेका व्यक्तीसोबत करायचं समाजकार्य) शिकवतेय, पण व्यसन या विषयातलं माझं स्वतःचं शिक्षण म्हणजे एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षातली दोन व्याख्यानं, त्यातल्या एकाला मी गैरहजर. तरी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला शब्द जुळवेपर्यंत सर पुढच्या फायलीकडे वळले होते.

तिथून पुढचं जवळपास वर्ष कसं गेलं ते लिहून ठेवतेय. असा पेपर अचानक अंगावर आलेलं आणखी कुणी असेल, तर निदान कुठे काय अडतं ते आधी कळेल. मला कळलं नव्हतं.

सुरुवात कागदांनीच झाली. विद्यार्थी रुग्णालयात जाणार म्हणून रुग्णालयाशी करार हवा. आमचं पत्र गेलं १० मार्चला, त्यांची सही होऊन आलं २६ मेला. अकरा आठवडे. या काळात पत्र नेमकं कुठे होतं याचा शोध घेताना कळलं, की त्यातले पाच आठवडे ते आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, "विद्यार्थ्यांचा विमा आहे का?" या एका शेऱ्यासह पडून होतं. विमा होता. पॉलिसीची प्रत जोडलेली नव्हती, इतकंच. तेव्हा पहिली टीप हीच: पत्र बाहेर जायच्या आधी आपल्याच घरात कुठे अडू शकतं ते बघा आणि विम्याची प्रत पहिल्या दिवशी जोडा.

दुसरा कागद एथिक्स कमिटीचा. रुग्णांशी होणारं बोलणं शिकवण्यासाठी ध्वनिमुद्रित करायचं होतं, त्यामुळे परवानगी लागणार होती. अर्ज दोनदा परत आला. पहिल्या वेळी प्रश्न होता: नशेत असलेल्या किंवा नशा उतरताना तळमळणाऱ्या माणसाची संमती ही संमती धरायची का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी त्याचा विचारच केला नव्हता. शेवटी वॉर्डातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून असं ठरलं, की डॉक्टरांनी माणूस सावध असल्याचं लिहून दिल्याशिवाय संमतीपत्र पुढे करायचं नाही, आणि सही केल्यानंतरही कधीही "पुसून टाका" म्हटलं तर त्याच दिवशी पुसायचं.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो शीर्षकामुळे. मी लिहिलं होतं, "व्यसनी व्यक्तींशी संवाद". समितीतल्या एका सदस्याने पेन्सिलने "व्यसनी" या शब्दाभोवती गोल केला होता आणि समासात एकच प्रश्नचिन्ह. मला आधी राग आला. वर्गात इतरांचे शब्द दुरुस्त करणारी मीच, म्हणूनही आला असेल. मग शोधाशोध केली. जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सापडला. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पाचशेहून जास्त तज्ज्ञांना एकाच माणसाची हकिगत वाचायला दिली होती. फरक एवढाच, की निम्म्यांच्या कागदावर त्या माणसाला थेट "गैरवापर करणारा" म्हटलं होतं आणि निम्म्यांच्या कागदावर "पदार्थसेवनाचा विकार असलेला". पहिला कागद वाचलेल्यांना तो माणूस स्वतःच्या अवस्थेला जास्त जबाबदार वाटला, त्याला शिक्षा व्हावी असंही जास्त वाटलं. वाचणारे सगळे प्रशिक्षित लोक होते. मी शीर्षक बदललं. २४ जूनला मंजुरी आली.

तिसरा कागद मी पूर्णपणे विसरले होते: हिपॅटायटिस बीची लस. वॉर्डात पाय ठेवायचा तर लसीकरणाचा दाखला हवा, आणि लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. जुलैत हे कळलं. पहिला डोस ९ जुलैला, दुसरा ९ ऑगस्टला, आणि तिसऱ्याची वेळ येणार जानेवारीत, म्हणजे प्लेसमेंट (फिल्डवर्कसाठीची वॉर्डातली नेमणूक) संपल्यावर. रुग्णालयाने दोन डोसांवर आणि तिसऱ्याच्या लेखी तारखेवर आत घेतलं, हा त्यांचा चांगुलपणा. त्यावर विसंबू नका.

सत्र सुरू व्हायच्या आधी चार मंगळवार मी व्यसनमुक्ती ओपीडीत कोपऱ्यात नुसती बसून काढले. माझ्या तयारीतला सर्वांत उपयोगी भाग तोच. डॉक्टर प्रत्येकाला "किती घेता?" विचारायच्या आधी "शेवटचं कधी घेतलंत?" विचारायचे. मी वहीत हे टिपून ठेवलं, पण का विचारतात ते विचारलं नाही. त्याची किंमत पुढे कळली.

१ जुलैला पहिला वर्ग. चौदा विद्यार्थी. मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि नाव न घालता एवढंच लिहायला सांगितलं: तुमच्या घरात किंवा अगदी जवळच्या कुणाला व्यसनाचा त्रास आहे किंवा होता का? चौदापैकी नऊ चिठ्ठ्यांवर "हो". एकीवर "हो" खाली दोन रेघा. मी तासभराचं जे व्याख्यान तयार करून आणलं होतं त्यात "हे लोक", "त्यांची कुटुंबं" असे शब्द जागोजागी होते. चिठ्ठ्या वाचल्यावर ते व्याख्यान तसंच देणं शक्य नव्हतं. बाहेरून दिसणाऱ्या "त्या" कुटुंबांपैकी नऊ जणं समोरच्या बाकांवर बसली होती.

त्या संध्याकाळी एक विद्यार्थिनी भेटायला आली. म्हणाली, "मॅडम, वॉर्डात जायचं नसेल तर दुसरं प्लेसमेंट मिळेल का? कारण सांगायला लागेल का?" कारण विचारलं नाही, दुसरं प्लेसमेंट मिळवून दिलं. त्यासाठी मला तीन अर्ज करावे लागले, कारण नियमात "वैयक्तिक कारण" असा रकाना नाही, "वैद्यकीय कारण" असाच आहे. वर्गात मात्र ती शेवटपर्यंत बसली. तुम्ही असा वर्ग घेणार असाल तर ही पळवाट पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा. मी केली नव्हती. त्या मुलीला धीर एकवटून दारापर्यंत यावं लागलं.

पहिल्या तीन आठवड्यांत एक नेहमीचा प्रयोग केला. प्रत्येकाने रोजची एखादी सवय तीन आठवडे सोडायची आणि रोज रात्री वहीत नोंद करायची. मीही सामील झाले. रात्री नऊनंतर फोन हातात घ्यायचा नाही, असं ठरवलं. सहाव्या रात्री अकरा वाजता मी फोन बघत होते, आणि फोन बाजूला ठेवून वहीत लिहिलं, "पाळलं." कुणीही ती वही तपासणार नव्हतं. तरी खोटं लिहिलं. मोडलं यापेक्षा हे खोटं मला जास्त टोचलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगताना कान तापले. मी सांगितल्यावर आणखी सहा जणांनी आपापल्या खोट्या नोंदी सांगितल्या. रुग्ण प्रमाण कमी का सांगतात, यावर त्यानंतर मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

मग प्रश्नावल्या. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दारूविषयीची दहा प्रश्नांची चाचणी. एकूण गुण ४०, ८ किंवा जास्त आले तर धोकादायक पिणं धरतात, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता तपासायला पाठवतात. त्याच संघटनेची असिस्ट ही आठ प्रश्नांची, तंबाखूपासून अफूजन्य पदार्थांपर्यंत सगळं विचारणारी, शेवटचा प्रश्न सुईने घेण्याविषयी. आणि २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मानसिक विकार निदान-पुस्तिकेतले ११ निकष: गेल्या १२ महिन्यांत २ ते ३ जुळले तर सौम्य, ४ ते ५ मध्यम, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. त्या आवृत्तीत "गैरवापर" आणि "अवलंबित्व" या दोन वेगळ्या पेट्या मोडून एकच चढती पायरी केली, तल्लफ हा निकष आत आला आणि कायद्याच्या कचाट्यात सापडणं हा निकष बाहेर गेला. विद्यार्थ्यांना हे शेवटचं फार पटलं. पोलिसांनी पकडणं हे बऱ्याचदा माणूस कुठे राहतो यावर ठरतं, असं एकाने म्हटलं, आणि त्यावर अर्धा तास वाद चालला.

प्रश्नावली पाठ करणं सोपं. अडचण "एक पेग म्हणजे किती?" इथे येते. ऑडिटच्या पुस्तिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलंय. मी सहा वेगवेगळ्या आकारांचे ग्लास आणि पाण्याचा जग आणला, प्रत्येकाला "तीस मिली ओता" सांगितलं आणि मोजपात्राने मोजलं. चाळीसच्या खाली कुणीच नव्हतं, एकाने पंचाहत्तर ओतलं होतं. गणित असं: मिलीलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.८. म्हणजे ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम. हे एकदा फळ्यावर सोडवलं की "फक्त बिअर घेतो" या वाक्यापाशी विद्यार्थी थांबायला लागतात.

चौथ्या आठवड्यापासून रोल प्ले. रुग्णाची भूमिका करायला दोन नाट्यकलाकार हवे होते. मानधन मोठं नव्हतं, पण "अभिनेते" हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा यावर लेखा विभागाने प्रस्ताव तीनदा परत केला. अखेर "अतिथी व्याख्याते" म्हणून मंजूर झाला. वर्गमित्रांनी एकमेकांचे रुग्ण होण्यात अडचण अशी, की ते एकमेकांवर दया करतात, पाचव्या मिनिटाला "बरं, सोडतो दारू" म्हणून मोकळे होतात. कलाकार तसं करत नाहीत.

पहिल्या दिवशीचं एक ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. कलाकार म्हणतो, "बायको उगाच मागे लागलीय." विद्यार्थी लगेच, "पण काका, लिव्हर खराब होतं, माहितीये ना?" कलाकार, "आमच्या वडिलांनी ऐंशीपर्यंत घेतली." विद्यार्थी, "ते अपवाद असतील." कलाकार, "मग मीही अपवाद." सगळा वर्ग हसला. विद्यार्थ्याचा युक्तिवाद बरोबर होता, आणि प्रत्येक युक्तिवादाबरोबर समोरचा माणूस दारूची बाजू आणखी जोरात लढवत होता.

हे उलटं कसं करायचं याची एक पद्धत आहे. मराठीत आम्ही तिला प्रेरक मुलाखत म्हणतो. विल्यम मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत काही तरुण मानसशास्त्रज्ञांना शिकवत होते. रोल प्लेमध्ये मिलर समुपदेशकाची भूमिका करत आणि हे शिकाऊ लोक त्यांना मध्येच थांबवून विचारत: आत्ता हेच का विचारलंत? दुसरं का नाही? उत्तरं देताना मिलरना आपण नकळत काय करतो ते शब्दांत मांडावं लागलं आणि त्यातून १९८३ चा लेख तयार झाला. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ती पद्धत वाढवली. समोरच्याला सुधारायची जी ऊर्मी आपल्या आत उसळते, तिला आवर घालणं ही त्यातली पहिली पायरी. बदलायची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. आपण खुले प्रश्न विचारायचे, त्याने म्हटलेलं त्याला आपल्या शब्दांत परत ऐकवायचं, जमलेल्या गोष्टींची दखल घ्यायची आणि अधूनमधून सगळं गोळा करून समोर ठेवायचं.

याचं मोजमापही होतं, आणि विद्यार्थ्यांना मोजमाप आवडतं. मुद्रण ऐकायचं, प्रश्न किती विचारले आणि परत ऐकवणारी वाक्यं किती बोललात ते मोजायचं. एका प्रश्नामागे एक असं वाक्य आलं तर ठीक, दोन आली तर चांगलं. पहिल्या फेरीत वर्गाचं गुणोत्तर उलटं होतं, एका वाक्यामागे सात-आठ प्रश्न. पोलिसी जबाब वाटावा असं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बरेच जण एकास एकपर्यंत पोचले, तिघे नाही पोचले.

१९ ऑगस्टला वॉर्ड. आम्ही व्यसनमुक्ती वॉर्डात आणि शेजारच्या सर्जिकल वॉर्डात दोन-दोनच्या जोड्या पाठवल्या, कारण दारूचा त्रास असलेली बरीच माणसं मोडलेला पाय किंवा पोटदुखी घेऊन दुसऱ्याच वॉर्डात दाखल असतात.

चौथा दिवस. सर्जिकल वॉर्डात पाय मोडून आदल्या संध्याकाळी दाखल झालेले एक गृहस्थ, वय पन्नाशीचं. माझा एक अतिशय नीटस विद्यार्थी त्यांच्याजवळ बसला आणि त्याने ऑडिटचे दहाही प्रश्न विचारले. नंतर त्याने लिहिलेल्या प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये (भेटीत काय घडलं याच्या तपशीलवार लेखी नोंदीत) सगळं आहे: काकांच्या कपाळावर घाम होता, पंखा चालू असूनही. शर्टाचं वरचं बटण लावायचा ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते आणि बटण घरात जात नव्हतं. पाण्याचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी चादरीवर सांडलं. विद्यार्थ्याने विचारलं, "बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "तुम्ही लिहा, लिहा." त्याने लिहिलं. २७ गुण. शेजारी सुवाच्य अक्षरात "तज्ज्ञांकडे पाठवणे आवश्यक". कागद फाईलला लावला आणि तीन वाजता माझ्याकडे चर्चेला आला. मी त्याच्या नोंदीचं कौतुक केलं. हे मला लिहायलाच हवं. त्या घामाच्या, बटणाच्या ओळी मी वाचल्या आणि निरीक्षण छान आहे, असं म्हणाले.

संध्याकाळी सहाला त्या गृहस्थांना फिटचा झटका (आकडी) आला. नर्स जवळच होत्या, वेळेत उपचार मिळाले, ते वाचले आणि पुढे व्यवस्थित घरी गेले.

दारू रोज भरपूर घेणाऱ्या माणसाने ती अचानक थांबवली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, अस्वस्थता सुरू होते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भ्रम, भास, तीव्र ताप असलेली अवस्था साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, आणि ती जीवघेणी ठरू शकते. ही सगळी माहिती माझ्या अभ्यासक्रमात होती. आठव्या आठवड्यात. वॉर्ड सुरू झाला तोही त्याच आठवड्यात, तो भाग शिकवायच्या आधी. त्याहूनही वाईट: वॉर्डाची तारीख मीच मागून घेतली होती आणि वेळापत्रकही मीच आखलं होतं. विद्यार्थ्याची यात काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. तो मुलगा खाली मान घालून बसला होता, त्याला बरं वाटायला त्यापुढे बरेच आठवडे लागले.

ओपीडीतले डॉक्टर "शेवटचं कधी घेतलंत?" आधी का विचारतात ते आता कळलं. त्याच आठवड्यात आम्ही प्रत्येक प्रश्नावलीच्या वर लावायला एक कार्ड केलं आणि त्यावर लाल शाईत तीन ओळी छापून घेतल्या: शेवटचं कधी घेतलं? आधी कधी बंद केल्यावर झटका किंवा भास झाले होते का? आत्ता घाम, थरथर, गोंधळ दिसतोय का? यातलं काहीही खटकलं तर पेन खाली ठेवायचं आणि नर्सला हाक मारायची. प्रश्नावली नंतर. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या अचानक बंद केल्या तरी झटके येऊ शकतात, तेही त्याच कार्डावर आहे. कृपा करून हे पहिल्या आठवड्यात शिकवा.

वॉर्डातले बाकीचे आठवडे भरभर गेले. दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात.

एक, गोळी. तिसऱ्या आठवड्यात एका रुग्णाच्या पत्नीने माझ्या विद्यार्थिनीला हळूच विचारलं, "ताई, ती दारू सोडवायची गोळी त्यांना न सांगता जेवणात मिसळली तर?" ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असा त्रास होतो, क्वचित जीवही जातो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून ती माणसाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायची असते. विद्यार्थिनीला हे पाठ होतं. पण तिने आधी विचारलं, "तुम्ही कधीपासून हे एकट्या सांभाळताय?" त्या बाई बोलायला लागल्या, पंचवीस मिनिटं बोलल्या, आणि गोळीचं धोक्याचं त्यानंतर सांगितलं तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं. माझ्याकडून पहिलं वाक्य धोक्याचं आलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

दुसरी, परत येणं. सुईने अफूजन्य पदार्थ घेणारा एक तरुण बारा दिवसांनी बरा होऊन घरी गेला आणि सतरा दिवसांनी पुन्हा दाखल झाला. त्याच्यासोबत काम करणारी जोडी खचली. "मग आपण केलं काय?" मी त्यांना आकडा सांगितला, की उपचारानंतर पुन्हा सेवन सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरतात आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांमध्येही आजार उलटण्याचं प्रमाण याहून कमी नाही. आकड्याने त्यांना फारसा धीर आला नाही. त्या तरुणानेच दिला. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं ना, मध्ये खंड पडला की पूर्वीचा डोस घ्यायचा नाही, शरीराची सवय मोडलेली असते. ते आठवलं. थोडंच घेतलं, मग इकडे आलो." सोडल्यानंतर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्याच प्रमाणाने श्वास थांबू शकतो, हे त्याला घरी जायच्या आदल्या दिवशी सांगायचं आमच्या यादीत होतं. घरच्यांना नॅलोक्सोनबद्दलही सांगितलं होतं: ते औषध अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवून श्वास परत आणतं, पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून दिल्यावरही रुग्णालयात न्यायचंच. वर्गात एकदोघांनी विचारलं होतं, "हे सांगणं म्हणजे पुन्हा घ्यायला परवानगी दिल्यासारखं नाही का?" त्या दिवसानंतर पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता माझ्या खोडीबद्दल. दर शुक्रवारी प्रत्येक जोडीशी माझं चाळीस मिनिटांचं सुपरव्हिजन असायचं. ऑक्टोबरमध्ये ती दोन रेघावाली चिठ्ठी लिहिणारी (कोण होती हे तिनेच नंतर सांगितलं) म्हणाली, "मॅडम, आमचं मुद्रण तुम्ही ऐकता. तुमचं आम्ही ऐकू?" नाही म्हणायला जागाच नव्हती. एक शुक्रवार मुद्रित केला. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. चाळीसपैकी एकतीस मिनिटं मी बोलले होते. प्रश्न एकोणीस, त्यांचं म्हणणं परत ऐकवणारी वाक्यं दोन. दोन्हींच्या शेवटी "पण". म्हणजे "तुला हे अवघड गेलं, पण" आणि पुढे सल्ला. सल्ला न देण्याविषयी मी त्यांना एकतीस मिनिटं सल्ला देत होते.

कागदावरचं ते १९ आणि २ मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. डिसेंबरपर्यंत माझं बोलणं अठरा-एकोणीस मिनिटांवर आलं. त्याखाली जात नाही.

२८ नोव्हेंबरला प्लेसमेंट संपलं. परीक्षा विभागाला लेखी गुण हवे होते, मुद्रणावर गुण कसे द्यायचे याचा त्यांच्याकडे नमुना नव्हता, म्हणून आम्ही ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक असा तोडगा काढला. लेखीत पहिला आलेला मुलगा प्रात्यक्षिकात तळाला होता. ज्याच्या रुग्णाला झटका आला होता, तो प्रात्यक्षिकात बसताक्षणी समोरच्या कलाकाराच्या हातांकडे बघत होता.

अभ्यासक्रम संपला की कौशल्यही ओसरतं, हेही दिसून आलेलं आहे. २००४ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी १४० व्यावसायिकांवर केलेल्या प्रयोगात, नुसत्या कार्यशाळेने आलेली सुधारणा पुढच्या महिन्यांत विरत गेली, आणि ज्यांना मुद्रणावर अभिप्राय किंवा फोनवर मार्गदर्शन मिळत राहिलं त्यांची टिकली. म्हणून मी पास होऊन गेलेल्यांसाठी वर्षाला सहा तासांच्या मुद्रण-चर्चेचा प्रस्ताव ८ डिसेंबरला दिला. तो सध्या तिसऱ्या टेबलावर आहे. शेरा असा: "माजी विद्यार्थ्यांसाठी तासिका कोणत्या नियमाखाली?"

या वर्षी वॉर्डाच्या आधी पूर्ण एक आठवडा फक्त लाल कार्डाचा ठेवलाय. पहिल्या वर्षाच्या मुलांना लसीचा पहिला डोस १२ जानेवारीला देऊन झाला, विम्याची प्रत दोन ठिकाणी जोडली आहे, आणि दुसऱ्या प्लेसमेंटचा पर्याय नोटीस बोर्डावर "कारण सांगायची गरज नाही" असं लिहून लावलाय. अर्जातला रकाना अजून "वैद्यकीय कारण" असाच आहे. त्यासाठीचं पत्र उद्या नेऊन देणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.